‘कोको’ मुलांना दाखवण्याआधी: चित्रपटाची ताकद कोणती आणि कच्चे दुवे कोणते?

बोरीकाठची (अमळनेर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातल्या छोट्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना दर आठवड्याला एक चित्रपट दाखवला जातो. सात ते चौदा वर्षे वयाची तीस-चाळीस मुले येतात, बहुतेक शेतकरी घरांतली. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पिक्सारचा २०१७ सालचा ‘कोको’ दाखवावा असे माझ्या मनात आहे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करण्याचा सण असतो आणि जवळजवळ सगळी कथा त्या सणाच्या एका रात्रीत घडते. आपल्याकडे आखाजीला घागर भरून पितरांना जेवू घालतात, त्यामुळे मुलांना हा विषय परका वाटणार नाही, असा माझा अंदाज होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. रिव्हेरा कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवते आणि त्या घरात संगीताला बंदी आहे, कारण मिगेल या बारा वर्षांच्या मुलाचे खापरपणजोबा गाण्यापायी बायको-मुलीला सोडून गेले ते परत आलेच नाहीत. मिगेलला मात्र गायचे आहे. एर्नेस्तो दे ला क्रूझ या दिवंगत गायकाच्या समाधीतून तो गिटार उचलतो, आणि त्या दोषामुळे जिवंतपणीच मृतांच्या नगरीत जाऊन पडतो. सूर्योदयापूर्वी घरच्या मृतांपैकी कोणाचा तरी आशीर्वाद मिळाला तरच त्याला परतता येणार असते. (पुढे शेवटापर्यंतच्या गोष्टी उघड होतील, ज्यांना त्या नको असतील त्यांनी इथेच थांबावे.)

निर्णय पक्का करण्याआधी मी तो घरी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला दाखवला. ती सांगाड्यांना अजिबात घाबरली नाही. उलट एक सांगाडा स्वतःचे डोके काढून हातात धरतो तेव्हा ती खिदळली. मिगेलच्या पणजीला सगळे ‘मामा कोको’ म्हणतात, त्यावर बाई असून मामा कशी, हा प्रश्न तिने तीनदा विचारला, तोही हसण्यावारी गेला. चित्रपट संपल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प होती. आमच्या माजघरातल्या भिंतीवर माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. त्याच्याकडे बघत तिने विचारले, “यांच्या बाबांचा फोटो कुठे आहे?” मी म्हटले, त्या काळी गावात फोटो कोण काढत होते! त्यावर ती म्हणाली, “मग ते पुसले गेले का?”

मला पटकन उत्तर सुचले नाही. चित्रपटातला नियम तसाच आहे ना: ज्याचा फोटो घरच्या वेदीवर मांडलेला नाही त्याला त्या रात्री घरी येता येत नाही, आणि ज्याची आठवण ठेवणारे जिवंत माणूस उरत नाही तो मृतांच्या नगरीतूनही नाहीसा होतो. तेव्हापासून मी विचारात पडले आहे. चित्रपट मला मनापासून आवडला आहे, तरी चाळीस मुलांपुढे लावण्याआधी त्याच्या जमेच्या आणि उणिवेच्या बाजू जाणकारांकडून समजून घ्याव्यात असे वाटते. केवळ कौतुक नको, सविस्तर लिहावे ही विनंती.

गोमाईकाठचा चित्रकलाशिक्षक (शहादा)

ताई, मी आधी कारागिरीबद्दल लिहितो, कारण माझा जीव तिथे रमतो आणि या चित्रपटाचे निम्मे बळ माझ्या मते तिथेच आहे.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटे मुलांना पुन्हा एकदा दाखवाच. खापरपणजोबांचे जाणे, त्यांच्या बायकोने म्हणजे इमेल्डा आजीने जोड्यांचा धंदा उभारणे, पिढी वाढत जाणे हा सगळा पूर्वेतिहास दोरीला बांधलेल्या कातरकामाच्या कागदी पताकांवर सांगितला आहे. वाऱ्याने पताका हलते आणि पुढच्या पताकेवर गोष्ट पुढे सरकते. आपल्याकडे जत्रेच्या मांडवाला पताका लागतात, त्यामुळे मुलांना ती रीत लगेच कळेल, आणि दुसऱ्या दिवशी रंगीत कागद नि कात्री देऊन बसवले तर वर्ग तासभर हलणार नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरे म्हणजे सांगाडे. कवटीला ओठ नसतात, भुवया नसतात, गाल नसतात. मग भाव दाखवायचे कसे? चित्रकारांनी कवटीच्या खोबणीत जिवंत डोळे बसवले, त्यांवर पापण्यांसारखी हालचाल दिली आणि हाडांवर कपडे असे लोंबते ठेवले की माणूस खंगला आहे की ऐटीत आहे हे चालीवरून ओळखू यावे. मिगेलचा तो खापरपणजोबा एक्तोर (हे नाव कोणी ‘हेक्टर’ असे वाचले तर आमच्या शाळेतली पोरे किती एकर म्हणून विचारतील) चालताना खिळखिळ्या बैलगाडीसारखा वाजतो. त्याच्या गरिबीबद्दल कोणी एक वाक्य बोलण्यापूर्वीच आपल्याला ती कळलेली असते. गिटार वाजवणारी बोटेही खरी आहेत: वादकांचे हात चित्रित करून त्यांवरून मिगेलची बोटे तारांवर ठेवली गेली, त्यामुळे तो जे वाजवताना दिसतो तेच साधारणपणे ऐकू येते. आपल्या कित्येक चित्रपटांतले नायक सतारीवर बोटे कुठेही फिरवतात, त्या मानाने ही निष्ठा मोठी आहे.

तिसरे, झेंडू. दोन जगांना जोडणारा पूल झेंडूच्या पाकळ्यांचा आहे आणि आशीर्वादही पाकळी हातात धरूनच द्यायचा असतो. आपण दसऱ्याला ज्याची तोरणे बांधतो ते फूल मुळात मेक्सिकोकडचेच, युरोपीय दर्यावर्दींबरोबर इकडे आलेले. हे मुलांना चित्रपटाआधी सांगा, मग बघा ती पडद्याकडे कशी बघतात.

चौथी गोष्ट गाण्याची, आणि इथे मी जरा लांबणार आहे. ‘मला विसरू नकोस’ अशा अर्थाचे एकच गाणे चित्रपटात वेगवेगळ्या रूपांत येते. पहिल्यांदा एर्नेस्तो ते झगमगत्या रंगमंचावर, वाद्यवृंद आणि नाचणाऱ्यांच्या ताफ्यासह गातो, तेव्हा ते प्रेक्षकांना भुरळ घालणारे, स्वतःवर खूश असलेले गाणे वाटते. पुढे कळते की एक्तोरने ते स्वतःच्या लहान मुलीसाठी, दूरदेशी जाताना अंगाईसारखे रचले होते. चाल तीच, शब्द तेच, केवळ लय संथ केली आणि वाद्ये काढून घेतली की अर्थ उलटतो. चोरलेले गाणे आणि मूळ गाणे यांतला फरक एकही संवाद न लिहिता कानाला कळतो. हे गाणे रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ यांचे, पार्श्वसंगीत मायकेल जियाकिनो यांचे. २०१८च्या ऑस्कर सोहळ्यात या गाण्याला आणि सर्वोत्कृष्ट सचेतनपट (अ‍ॅनिमेशनपट) म्हणून चित्रपटाला असे दोन पुरस्कार मिळाले, आणि गाण्याच्या पुरस्काराबद्दल तर माझी काडीचीही तक्रार नाही.

आता उणीव. मृतांची नगरी डोळे दिपवते, पण ती इतकी गच्च भरलेली आहे की कुठे थांबावे ते कळत नाही. इमेल्डाच्या पेपितासारखे रंगीबेरंगी पंखांचे प्राणी तिथे वाट दाखवणारे म्हणून येतात. मेक्सिकोत असे प्राणी ही विसाव्या शतकातली कागदाच्या लगद्याची कारागिरी आहे, मृतांच्या सणाशी तिचा मुळात संबंध नाही. चित्रपटाने तो जोडला. कल्पना म्हणून छान आहे, परंतु ती जुनी श्रद्धा असल्यासारखी मांडली जाते, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

तापीकाठचे नाना (जळगाव)

ताई, तुमच्या भाचीने चित्रपटाचे नेमके वर्म काढले आहे. मी निवृत्त माणूस, नातवंडांबरोबर हा चित्रपट दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा त्याच जागी अडलो.

दोन जगांच्या सीमेवर नाके आहेत. तिथला कर्मचारी यंत्रापुढे तुमचा चेहरा धरतो, घरच्या वेदीवर तुमचा फोटो आहे का हे तपासतो, असेल तर ‘सुखाने जा’ म्हणतो आणि नसेल तर परत पाठवतो. एक्तोर तिथे चित्रकर्ती फ्रिडा काहलोचा वेष घेऊन येतो, पकडला जातो, पुलावरून पळू लागतो आणि पाकळ्यांत रुततो. हे सारे विनोदी अंगाने दाखवले आहे, पण कोणत्याही सरकारी दारात कागद नाही म्हणून परत फिरलेल्या माणसाला त्या हसण्यातली कळ समजते. पुढे नगरीच्या तळाशी मोडक्या झोपड्या दिसतात, जिथे फोटो नसलेले, विसरले जात चाललेले मृत राहतात. त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नाही, तरी ते एकमेकांना काका, मावशी, भाऊ म्हणतात. तिथे एक म्हातारा आपली गिटार देण्यापूर्वी एक गाणे ऐकायला मागतो, गाणे संपता संपता तो सोनेरी धुळीसारखा विरून जातो आणि एक्तोर त्याचा पेला पालथा ठेवतो. त्या पाच मिनिटांसाठी मी हा चित्रपट थोर मानायला तयार आहे.

आणि तक्रारही तिथलीच. एवढे दाखवल्यावर चित्रपट त्या वस्तीकडे पुन्हा वळून बघत नाही. शेवटी एक्तोरचा फोटो वेदीवर लागतो आणि त्याची सोय होते. बाकीच्यांचे काय? नियम क्रूर आहे, हे दिग्दर्शक ली अंक्रिच आणि सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना यांना दिसले होते, नाहीतर ती वस्ती त्यांनी रचलीच नसती. तरीही कथेत त्या नियमाला कोणी प्रश्न विचारत नाही. नायकाच्या घरचा माणूस सुटला की न्याय झाला, असा तो हिशेब आहे.

आपली आखाजी इथे अधिक उदार आहे, असे मला वाटते. नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर छोटे मडके, त्यावर आंबा नाहीतर डांगर. मग निखाऱ्यावर तूप सोडून आगारी टाकताना घरातला कर्ता माणूस एकेकाचे नाव घेतो. फोटो लागत नाही, नाव पुरते. आणि नावे संपली की माझे वडील न चुकता एक घास ‘ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांना’ म्हणून टाकत. तर्पणातही अज्ञात पितरांना पाणी देण्याची सोय आहेच. तेव्हा भाचीला सांगा, की तिचे ते खापरपणजोबा पुसले गेलेले नाहीत, कारण आपल्या घासात त्यांचा वाटा आधीच धरलेला आहे.

एक आठवण या निमित्ताने. आमच्या जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या जे गात ते मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी वहीत उतरवून घेतले आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले. चित्रपटात मामा कोको खणातून वडिलांनी लिहिलेल्या ओळींची जपून ठेवलेली वही काढते तेव्हा मला आसोदा आठवले. गाणे फोटोमुळे टिकत नाही, घरातल्या कोणीतरी ते धरून ठेवल्यामुळे टिकते. चित्रपटाला हे शेवटी उमगते, मात्र त्याने स्वतःच घातलेल्या नियमाला ते खोडून काढते, याकडे त्याचे लक्ष नाही.

पांझराकाठ (धुळे)

नानांशी मी बरीचशी सहमत आहे, तरी माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो इमेल्डाविषयी आहे.

नवरा गाणे घेऊन निघून गेला, कडेवर लहान मुलगी, हातात पैसा नाही. तिने रडत न बसता जोडे शिवायला शिकून घेतले, पुढच्या चार पिढ्यांना तो धंदा दिला. अशा बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. पाच एकर कोरडवाहू आणि दोन लेकरे एकटीने ओढणाऱ्या माझ्या आत्याला मी जवळून पाहिले आहे. तिच्या घरातही काही शब्द उच्चारायचे नाहीत असा दंडक होता. त्यामुळे इमेल्डाची संगीतबंदी मला हट्ट वाटत नाही, तो जखमेवर बांधलेला फडका आहे. चित्रपट पहिल्या भागात हे समजून घेतो. पुढे मात्र एक्तोर घरी परत निघाला होता, पण एर्नेस्तोने त्याला मद्यातून विष घालून मारले आणि त्याची गाणी लाटली, असे उघड होते. एका फटक्यात नवरा निर्दोष ठरतो. मग इमेल्डाच्या इतक्या वर्षांच्या रागाला उभे राहायला जमीनच उरत नाही. तो नुसताच परत आला नसता, स्वतःच्या चुकीने उशीर करून बसला असता, तर त्या दोघांना एकमेकांशी काही खरे बोलावे लागले असते. खलनायक आणल्यामुळे ते संभाषण चुकले. (ती रंगमंचावर गाते तो प्रसंग सुंदर आहे, हे मान्य. पण तेही पाठलागाच्या धांदलीतच उरकले आहे.)

तसेच, मिगेल मृतांच्या नगरीत पोहोचल्यावर लाखो सांगाड्यांतून त्याची गाठ पडते ती नेमकी स्वतःच्या खापरपणजोबाशी. आपल्या कीर्तनात असे योग चालतात, तिथे देव असतो. इथे तो योग फक्त लेखकाची गरज भागवतो.

गोमाईकाठचा चित्रकलाशिक्षक (शहादा)

धुळ्याच्या ताई, विषप्रयोगाचे रहस्य अचानक येते असे मात्र म्हणता येणार नाही. एर्नेस्तोच्या जुन्या चित्रपटातला पेला उंचावण्याचा आणि विषाचा प्रसंग आधी दाखवलेला आहे, आणि त्यावरूनच एक्तोरला स्वतःचा मृत्यू उलगडतो. ज्याने चोरी केली त्यानेच ती मोठेपणाच्या भरात पडद्यावर नाचवली, ही कल्पना मला फार तल्लख वाटते. शेवटच्या अर्ध्या तासातला पाठलाग लांबला आहे, हे मी मान्य करतो. इमेल्डाबद्दलचे तुमचे म्हणणे माझ्या ध्यानात आले नव्हते, पुन्हा पाहीन.

आणखी एक. अंक्रिच यांची पहिली कथा अशी होती, की अमेरिकेत वाढलेला एक मुलगा आईच्या मृत्यूनंतर मेक्सिकोतल्या नातलगांकडे जातो आणि दुःख सोडून द्यायला शिकतो. नंतर त्यांच्या लक्षात आले की या सणाचा अर्थ नेमका उलट आहे, इथे सोडायचे नसते, धरून ठेवायचे असते, म्हणून ती कथाच टाकून दिली. २०१३ साली निर्मात्या कंपनीने सणाच्या नावावरच व्यापारी हक्क मागितला होता आणि लोकांनी रान उठवल्यावर अर्ज मागे घेतला. विरोधात व्यंगचित्र काढणाऱ्या लालो अल्काराझ यांनाच पुढे सल्लागार म्हणून बोलावले गेले. चित्रपटात जो घरगुतीपणा आहे तो असा टक्केटोणपे खाऊन आला आहे.

केळीबाग (रावेर)

मी थोडक्यात लिहितो, कारण वादात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. आमच्या घरी सहा वर्षांचा आणि अकरा वर्षांची अशा दोघांनी एकत्र पाहिला. सहा वर्षांच्याला विषाचे काही कळले नाही, मात्र एर्नेस्तो मिगेलला खोल खड्ड्यात टाकवतो तेव्हा तो रडला. मोठी शेवटी रडली, आणि तिची आजी तिच्याहून जास्त. माझ्या आईची स्मृती गेली दोन वर्षे कमी होत चालली आहे, म्हणून मिगेल मामा कोकोपुढे बसतो तो प्रसंग मला पूर्ण पाहवला नाही. आजूबाजूला घरची माणसे गोळा झालेली, गिटार आणि पोराचा आवाज याखेरीज काही नाही, आणि त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर आधी डोळे जागे होतात, मग ओठ हलतात, मग खरखरीत आवाजात ती पुढची ओळ उचलते. घाई केलेली नाही, हेच त्याचे मोल. प्रत्यक्षात गाणे म्हटले म्हणून माझ्या आईला माझे नाव आठवत नाही. पण ती जुनी गौराईची गाणी अजून बिनचूक म्हणते, हेही तितकेच खरे.

सूचना: एकशे पाच मिनिटे लहान मुले सलग बसणार नाहीत. म्हातारा विरून जातो तिथे मध्यंतर घ्या.

बोरीकाठची (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतराची जागा अगदी योग्य वाटते, कारण मुलांना जे विचारायचे असेल ते तिथेच विचारता येईल आणि नानांनी सांगितलेला ‘नावे ठाऊक नसलेल्यांचा घास’ मला तिथेच सांगता येईल. पांझराकाठच्या ताईंचा मुद्दा मोठ्या मुलींपुढे चित्रपट संपल्यावर ठेवीन. इमेल्डाचे काय चुकले, असा सरळ प्रश्न विचारून मी गप्प बसणार आहे.

काल भाचीला नानांचे उत्तर वाचून दाखवले. तिचे समाधान अर्धेच झाले. ज्यांचे नाव ठाऊक नाही त्यांना घास टाकण्यापेक्षा नाव शोधून काढू, असे तिचे म्हणणे पडले. माझ्या वडिलांना त्यांच्या आजोबांच्या वडिलांचे नाव सांगता आले नाही. मग चोपड्याच्या आत्याला फोन लावला. ती दोन नावे सांगते, त्यांपैकी बाप कोणता आणि चुलता कोणता यावर वडिलांचे आणि तिचे अजून एकमत झालेले नाही, त्यामुळे यंदा आगारीला दोन्ही नावे घेतली जातील.

खेळ आखाजीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडल्यावर अंगणात लावायचे ठरले आहे, कारण खोलीत पंखे पुरत नाहीत. एकच गोष्ट राहिली. मिगेलची आजी संगीत कानावर पडले की पायातली चप्पल काढून माणसांना झोडपते आणि चित्रपट त्यावर हसतो. आमच्याकडची निम्मी पोरे त्या प्रसंगाला टाळ्या वाजवतील आणि उरलेली निम्मी आपापल्या आजीकडे बघतील. तिथे काय बोलावे, की काहीच बोलू नये, हे कोणी सुचवले तर बरे होईल.